हार्वर्ड-येल: एक जुनी भाऊबंदकी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हार्वर्ड-येल सामन्याला नुसतं ‘द गेम’ म्हणतात. कुठला गेम, असं विचारायचं नसतं. सामना १८७५ पासूनचा, पण तेढ त्याहून कितीतरी जुनी. १७०१ मध्ये येलची स्थापना करणारे पाद्री जवळजवळ सगळे हार्वर्डमध्येच शिकलेले. आपलं कॉलेज धर्माच्या बाबतीत ढिलं पडत चाललंय, ही त्यातल्या अनेकांची तक्रार. सोप्या मराठीत, भाऊबंदकी.

या भावांना आमनेसामने आणलं ते रेल्वेनं. १८५२ च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपेसॉकी तलावावर दोघांची बोटींची शर्यत झाली. खर्च रेल्वे कंपनीचा, कारण शर्यत बघायला येणाऱ्यांची तिकिटं खपणार होती! हार्वर्ड जिंकलं. बक्षिसाची वल्ही फ्रँकलिन पिअर्स यांच्या हस्ते मिळाली. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

फुटबॉलचं घोडं अडलं नियमांपाशी. येल, प्रिन्स्टन, रटगर्स, कोलंबिया यांचा खेळ सॉकरच्या, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलच्या, जवळचा. १८७३ मध्ये समान नियम ठरवायला त्यांची न्यूयॉर्कला बैठक भरली. हार्वर्ड फिरकलंच नाही. त्यांच्या ‘बॉस्टन गेम’मध्ये चेंडू उचलून पळता यायचं आणि ती मजा सोडायची त्यांची तयारी नव्हती. मग खेळायचं कुणाशी? मे १८७४ मध्ये कॅनडातून मॅकगिल विद्यापीठाचा संघ आला. एक सामना यजमानांच्या नियमांनी, दुसरा पाहुण्यांच्या, म्हणजे रग्बीच्या. हार्वर्डच्या पोरांना पाहुण्यांचाच खेळ आवडून गेला.

पुढच्या वर्षी, १३ नोव्हेंबरला, येलशी गाठ पडली ती न्यू हेवनच्या हॅमिल्टन पार्कवर. नियम तडजोडीचे, पण कल रग्बीकडे. येलला प्रत्येकी ११ खेळाडू हवे होते, उतरले १५. हार्वर्डनं ४-० नं धुतलं. पण हरलेल्या येलनं हा खेळच उचलला. १८७६ मध्ये वॉल्टर कॅम्प येलच्या संघात आला आणि १८८० मध्ये त्यानं ११ चा आकडा मंजूर करून घेतला. चेंडू एकाच संघाच्या ताब्यात देऊन डाव सुरू करायची पद्धतही त्याचीच. माझ्या मते अमेरिकन फुटबॉल जन्मला तो हार्वर्डच्या हट्टातून आणि येलच्या डोक्यातून.

१८९४ मध्ये स्प्रिंगफील्ड गावी झालेल्या हार्वर्ड-येल सामन्यात इतकी हाणामारी झाली की पुढची दोन वर्षं सामनाच झाला नाही. खेळ सगळीकडेच जिवावर उठत होता. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. ते स्वतः हार्वर्डचे, आणि मुलगा तिथेच पहिल्या वर्षाच्या संघात. मैदानावरची खेळाडूंची गर्दी मोकळी करायला कॅम्पचा उपाय होता मैदान रुंद करण्याचा. पण हार्वर्डनं १९०३ मध्येच काँक्रीटचं स्टेडियम बांधून ठेवलेलं. त्याच्या भिंती कोण सरकवणार? अखेर खेळाडू पांगावेत म्हणून १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली.