दोन ग्राफिक कार्डांचा पॉवर सप्लाय: वॅट नंतर बघा, आधी वायरी मोजा

"भाऊ, हजार वॅटचा आहे, मग काहून बंद पडून राहिला?"

नागपूरच्या बर्डीतल्या आमच्या कॉम्प्युटर दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की शेवटी उत्तर छापूनच ठेवलं. दोन कार्डांचं मशीन बांधणाऱ्याला पॉवर सप्लाय म्हणजे काय हे शिकवायला नको. घोटाळा होतो तो खोक्यावरचा मोठा आकडा बघून माल मागवताना. त्या खोक्यातून वायरी किती निघणार, हे कोणी बघतच नाही.

त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, विक्री आमचीच बुडत असली तरी. फक्त गेमसाठी दोन कार्डं घेत असाल तर घेऊ नका. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयचे, म्हणजे दोन कार्डं मिळून एकच गेम चालवण्याच्या सोयीचे, नवे ड्रायव्हर प्रोफाइल देणं थांबवलं. जीफोर्समध्ये (एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांत) एनव्हीलिंकची, म्हणजे दोन कार्डं थेट जोडणाऱ्या पट्टीची, जागा असलेली शेवटची कार्डं म्हणजे आरटीएक्स ३०९० आणि ३०९० टीआय. ४० सिरीजमध्ये ती सोयच नाही. आजच्या बहुतेक गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं, त्यापेक्षा तेवढ्याच पैशात एक मोठं कार्ड बरं. पण संध्याकाळी गेम आणि दिवसभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग, किंवा घरीच एआय मॉडेल चालवणं असं काम असेल, तर दोन कार्डं पैसे वसूल करतात. पुढचं सगळं अशांसाठी.

बेरीज

ही सोपी आहे. दोन ३०९० म्हणजे ३५० आणि ३५०, झाले ७०० वॅट. प्रोसेसर रायझन ९ ५९५०एक्स असेल तर पूर्ण भाराला १४२ धरा. बोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून ८० ते १००. म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. यावर हजारचा सप्लाय घेतलात तर तो कायम धापा टाकणार, शिवाय ही कार्डं क्षणभर आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतात. दोन्हींची उसळी एकदम आली की सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. गेम ऐन रंगात असताना मशीन गपकन जाण्यामागे बरेचदा हेच असतं. म्हणून आम्ही इथे १२०० ते १३०० वॅट सांगतो, आणि शक्यतो एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा. २०२२ मध्ये आलेल्या ३.० च्या नियमात अशा क्षणिक उसळ्या झेलणं धरलेलंच आहे. दोन ३०६० असतील तर ३४० मध्येच भागतं, तिथे चांगला ८५० पुरे. उगाच मोठा गळ्यात मारायची आमची पद्धत नाही.

आता वायरी

कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात. सहा पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, आठ पिनच्या कनेक्टरमधून १५०. बाजारातल्या कित्येक ३०९० ना तीन-तीन आठ पिन लागतात. दोन कार्डांचे झाले सहा. आता तुमच्या सप्लायचं पान उघडा आणि पीसीआयई (म्हणजे कार्डाचे सहा-आठ पिनचे) कनेक्टर किती हे बघा. तेही नुसती टोकं मोजू नका, सप्लायमधून वेगळ्या निघणाऱ्या वायरी मोजा. एकाच वायरीला पुढे दोन टोकं काढलेली असली तरी सगळा करंट त्या एकाच वायरीतून जातो. जड कार्डाला प्रत्येक कनेक्टरसाठी स्वतंत्र वायर, हा आमचा नियम आहे.

कनेक्टर कमी पडले की गिऱ्हाईक दोनपैकी एक उपाय घेऊन येतं, आणि दोन्ही उपाय आमच्या टेबलावर चालत नाहीत.

पहिला उपाय म्हणजे साटा किंवा मोलेक्सवरून (ड्राइव्हला वीज देणाऱ्या वायरींवरून) आठ पिन करणारा कन्व्हर्टर. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. एकूण ५४ वॅट. त्यातून दीडशे ओढायचे म्हटल्यावर प्लास्टिक वितळणारच.

दुसरा उपाय याहून वाईट, आणि मशीन मरतात ती यानेच: जुन्या मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) सप्लायची वायर नव्याला लावणं. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाचा कुठलाही ठरलेला नियम नाही. प्रत्येक कंपनी पिना आपल्या सोयीने मांडते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. वायर खटकन बसते, म्हणून बरोबर वाटते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की एसएसडी, हार्ड डिस्क एका झटक्यात खलास, आणि त्यावरचा डेटा काढून द्या म्हणून आमच्याकडे येण्यातही अर्थ राहत नाही. वॉरंटीत हे बसत नाही. प्रोसेसरची आठ पिनची वायर कार्डात दाबून बसवणारेही येतात. ती चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन, आणि दोन्हींत बारा व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात.

म्हणून मशीन आणताना सप्लायचं खोकं आणि त्यातली वायरींची पिशवी सोबत आणा. पिशवी घरी राहिली तर मशीन ठेवून घेतो, पण हात लावत नाही. यावरून काही जण नाराज होतात, होऊ द्या.

लेबल

खोक्यावरच्या गोल्ड, ब्रॉन्झ या शिक्क्यांवरून फक्त वीज किती वाया जाते ते कळतं. खरी गोष्ट लेबलवर १२ व्होल्टसमोर असते. तिथले अँपिअर गुणिले १२ करा. ५०० वॅट छापलेल्या स्वस्त सप्लायवर १८ अँपिअर दिसले, तर कार्ड आणि प्रोसेसरच्या वाट्याला २१६ वॅटच आहेत.

नागपूरचं ऊन आणि घरचा प्लग

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये त्याहून जास्त. चांगले सप्लाय ५० अंशांना पूर्ण वॅट देतील असे बनवतात, स्वस्तातले २५ किंवा ४० अंशांचा आकडा छापतात. तो आकडा आपल्या गावी फक्त डिसेंबरात खरा. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

हजार वॅटचा भार असताना भिंतीतून साधारण अकराशे ओढले जातात, म्हणजे पावणेपाच अँपिअर. त्याच सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर मॉनिटर आणि कूलर लावला तर बोर्ड तापतो. सोळा अँपिअरचा पॉइंट घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनला मिनिटभरही पुरत नाही, लाईट गेली की तोही सोबत जातो.

आमच्याकडून घेतलेल्या सप्लायची फिटिंग फुकट, दोन्ही कार्डांवर पूर्ण भार टाकून दोन तास चालवून देतो. बाहेरून आणलेल्याचे फिटिंगचे पैसे लागतात, कारण वायरी तपासायला वेळ तेवढाच जातो. मागवण्याआधी कार्डांची नावं आणि कॅबिनेटचं मॉडेल कागदावर लिहून आणलंत, तर किती वॅट आणि किती वायरी ते काउंटरवरच सांगतो. त्याचे पैसे नाहीत, मग सप्लाय कुठूनही घ्या.