प्रवेशातला प्रत्यक्ष भेदभाव आणि अप्रत्यक्ष भेदभाव: फरक नेमका कुठे पडतो?

प्रवेश नाकारला गेला की विद्यार्थ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "मुद्दाम केलं का?" आणि संस्थेचं उत्तर येतं, "नियम सगळ्यांना सारखाच आहे." दोघंही मनापासून बोलत असतात, तरी वाद मिटत नाही. कारण भेदभाव दोन प्रकारचा असतो. "नियम सारखा आहे" हे पहिल्या प्रकारावरचं उत्तर आहे. दुसरा प्रकार सुरूच होतो तो सगळ्यांना सारख्या असलेल्या नियमापासून.

आधी प्रत्यक्ष भेदभाव. २०१८ च्या प्रवेश परीक्षेत टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीने निबंधाच्या पेपरात काय केलं ते चौकशीत बाहेर आलं. शंभरपैकी मिळालेल्या सगळ्यांच्या गुणांना आधी ०.८ ने गुणलं. मग पहिल्यांदा ते तिसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना २० गुण वाढवले, चौथ्यांदा बसणाऱ्या मुलांना १०. मुलींना काहीच नाही. आता हिशेब मांडून बघा. ९० मिळवणाऱ्या मुलीचे झाले ७२. ७० मिळवणाऱ्या मुलाचे ५६ अधिक २०, म्हणजे ७६. वीस गुणांनी पुढे असलेली मुलगी चार गुणांनी मागे पडली, आणि तिला ते कळलंही नाही. मुली लग्न आणि बाळंतपणानंतर काम सोडतात, मग रुग्णालयात डॉक्टर कमी पडतात, असं त्यामागचं कारण पुढे आलं.

हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: बाकी सगळं तेच ठेवून ही मुलगी मुलगा असती, तर निकाल बदलला असता का? उत्तर "हो" असेल तर तो प्रत्यक्ष भेदभाव. मनात द्वेष होता की रुग्णालयाची काळजी होती, याने उत्तर बदलत नाही. इथे बहुतेकांची गल्लत होते. "प्रत्यक्ष" म्हणजे "दुष्ट हेतूने केलेला" असं आपण धरून चालतो. तसं नाही.

अप्रत्यक्ष भेदभावात असा वेगळा हिशेब नसतो. नियम एकच, लागू सगळ्यांना, पण त्याचा भार एका गटावर जास्त पडतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेचं वाटतं. मुख्याध्यापकांनी एका शीख मुलाला सांगितलं: पगडी उतरव, केस काप, मग प्रवेश देतो. गणवेशाचा नियम सगळ्यांनाच होता. त्या शाळेत पगडी न बांधणारी शीख मुलं आधीपासून शिकतही होती, त्यामुळे "शिखांना आम्ही नाकारत नाही" हे म्हणणं खोटं नव्हतं. प्रकरण "मंडला विरुद्ध डॉवेल ली" या नावाने हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं आणि १९८३ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला.

शीख हा ब्रिटनच्या १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्याच्या अर्थाने वांशिक गट ठरतो का, हा एक मोठा मुद्दा होता. त्याआधीच्या न्यायालयाने "नाही" म्हटलं होतं, लॉर्ड्सनी "हो" म्हटलं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो एका साध्या शब्दाचा अर्थ. त्या गटातल्या किती जणांना नियम पाळणं "शक्य" आहे, असं कायदा विचारत होता. शरीराने बघितलं तर पगडी कुणालाही उतरवता येते, दोन मिनिटांचं काम. न्यायाधीश म्हणाले, तसं मोजायचं नाही. आपल्या समाजाच्या रीतीभाती सांभाळून नियम पाळता येतो का, हे बघायचं. या एका वाचनाने गणवेशाच्या नियमाचं खरं ओझं दिसायला लागलं. बाहेरून दिसणारे धार्मिक भेद शाळेत कमी असावेत, ही मुख्याध्यापकांची भूमिका होती. नियमाचं समर्थन करायला ती पुरेशी ठरली नाही.

म्हणजे अप्रत्यक्ष भेदभावात प्रश्न दोन. नियमाने एका गटाचं जास्त नुकसान होतं का? आणि होत असेल तर त्या नियमाची खरंच गरज आहे का? अभियांत्रिकीला गणित मागितलं, तर गणित न मिळालेल्या शाळांमधली मुलं मागे राहतात. तरी अट टिकेल, कारण गणिताशिवाय तो अभ्यासक्रम झेपणार नाही. उलट वंश किंवा लिंग बघून केलेल्या प्रत्यक्ष भेदभावाला ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात "आमचं कारण चांगलं होतं" ही सबब चालत नाही. फक्त मुलींची शाळा यासारखे अपवाद कायद्यानेच नेमून दिले आहेत.

दोन्हींमधली रेघ कधीकधी फसवी असते. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलने १९८० च्या सुमारास अर्जांची पहिली चाळणी संगणकाकडे दिली. आधीच्या निवडी माणसांनी कशा केल्या, त्यावरून प्रोग्राम बांधला होता. नाव आणि जन्मस्थान बघून तो युरोपीय नसलेल्यांना आणि मुलींना खालचं स्थान द्यायचा. वर्षाला सुमारे २,००० अर्जांतल्या ६० जणांची मुलाखत त्यामुळे हुकत असावी, असा अंदाज निघाला. १९८८ मध्ये वंश समानता आयोगाने संस्थेला दोषी ठरवलं. यंत्र सगळ्यांना एकच सूत्र लावतं, म्हणून हा अप्रत्यक्ष प्रकार वाटतो. पण सूत्रातच आडनाव मोजलं जात होतं. हा प्रत्यक्ष भेदभावच, फक्त कोडमध्ये लिहिलेला. आज प्रवेशाची कामं सॉफ्टवेअरवर सोपवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून वाचावं, असं मला कळकळीने वाटतं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशात पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना जागा मिळाली, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. विभागवार पाहिलं तेव्हा स्त्रियांविरुद्धचा तो कल उरला नाही. ज्या विभागांत मुळातच थोडे लोक घेतले जातात, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. तफावत दिसली की चौकशी करावीच, पण विभागवार आकडे हातात येण्याआधी निकाल देऊ नये.

आणि काही नियम असे, की जुना प्रत्यक्ष भेदभाव त्यांतून आजवर वाहत येतो. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं. या नियमात वंशाचा उल्लेखही नाही. पण व्हर्जिनिया विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो १९५० मध्ये, तोही न्यायालयाच्या आदेशाने. ज्यांच्या आजोबांना दार बंद होतं, त्या नातवंडांच्या घराण्यात "माजी विद्यार्थी" येणार कुठून? व्हर्जिनिया राज्याने आपल्या सरकारी विद्यापीठांतलं हे प्राधान्य २०२४ मध्ये कायदा करून बंद केलं.