क्रोशाला पोट आलं तेव्हा

मुठीत मावणारा, क्रोशाने विणलेला लोकरीचा हत्ती, म्हणजे ‘अमिगुरुमी’, पाहिला की हे काम आजीच्या काळापासून चालत आलं असणार, असं वाटतं. सुई आजीचीच, पण हत्ती तिचा नव्हे. आपल्या आज्यांनी क्रोशावर रुखवतातले रुमाल केले, दारावरची तोरणं केली, टीव्हीवरची झाकणं केली. सगळं सपाट आणि जाळीदार.

त्याचं कारण क्रोशाच्या बालपणात सापडतं. ‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा आकडा. युरोपात हे काम एकोणिसाव्या शतकात फोफावलं. ‘पेनेलोपे’ या डच मासिकात १८२३ मध्ये त्याचे नमुने छापून आले होते. क्रोशाला खरी मागणी आली ती महागड्या लेसची स्वस्त नक्कल म्हणून. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा मठातल्या सिस्टरांनी शिकवलेल्या क्रोशावर कितीतरी घरांची चूल पेटली. मिशनऱ्यांबरोबर तो भारतातही आला. आंध्रातल्या नरसापूरची लेस त्याच वाटेने आलेली.

मऊ खेळणी तेव्हा शिवली जात. जर्मनीतल्या गिंगेनच्या मार्गारेट श्टाइफ यांनी १८८० मध्ये फेल्टचा हत्ती केला, तोही टाचण्या खोचून ठेवायला. पोरांनी तो खेळायला पळवला आणि पुढे त्यातून कारखाना उभा राहिला.

या दोन गोष्टींची गाठ जपानमध्ये पडली, निदान नाव तरी तिथलंच. कापड शिवून, आत भरण घालून केलेलं खेळणं म्हणजे ‘नुइगुरुमी’. त्यातलं शिवणं काढून विणणं घातलं की ‘अमिगुरुमी’. जपानी ‘अमु’ दोन सुयांच्या विणकामालाही चालतं आणि क्रोशालाही, अगदी आपल्या ‘विणणे’सारखं. १९७० च्या दशकात तिथे गोंडस वस्तूंचं, म्हणजे ‘कावाई’चं वेड पसरलं. हॅलो किटी १९७४ ची. मोठं डोकं, इवलं अंग, बटणाएवढे डोळे हा अमिगुरुमीचा चेहरा त्याच घराण्यातला.

करण्याची रीत मात्र शुद्ध गणिताची आहे. धाग्याच्या कड्यात ६ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, घालायचे. पुढच्या फेरीला १२, मग १८, मग २४. दर फेरीला सहा वाढवले की चकती सपाट राहते. वाढवणं थांबवलं की भिंत उभी राहते, वाटी होते. कमी करत गेलं की तोंड मिटू लागतं, आणि मिटायच्या आत कापूस भरून घ्यायचा. फेऱ्या जोडायच्या नसतात, गोगलगाईच्या शंखासारखं फिरत राहायचं. म्हणून फेरीच्या सुरुवातीला खुणेचा धागा लावतात. तो विसरलात तर उसवणं आलंच! सुईही नेहमीपेक्षा बारीक घेतात, नाहीतर टाक्यांमधून कापूस डोकावतो. लेसमध्ये जी भोकं मिरवायची, ती इथे बुजवायची असतात.

हे जपानबाहेर पोचलं त्यात आकृत्यांचा मोठा हात आहे. विणकामाच्या चिन्हांना जपानच्या औद्योगिक मानकांत जागा आहे, त्यामुळे जपानीचं अक्षरही न कळणाऱ्या बाईला तिथलं पुस्तक पाहून ससा विणता येतो. इंग्रजी नमुन्यांचं तसं नाही. अमेरिकेचा ‘सिंगल क्रोशे’ हाच टाका ब्रिटनमध्ये ‘डबल’ होतो, आणि पहिला ससा हमखास बिघडतो. पुढे इंटरनेट आलं, मग २०२० ची टाळेबंदी, आणि मराठी घरांतही तोरणं विणणारे हात ऑक्टोपस विणू लागले.

एक गोष्ट मात्र दोनशे वर्षांत बदललेली नाही. दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र विल्यम लीने १५८९ मध्येच केलं, पण खऱ्या क्रोशाचं काम अजून कारखान्यातल्या यंत्राला जमलेलं नाही. म्हणजे बाजारातला स्वस्तातला स्वस्त क्रोशाचा ससासुद्धा कुणीतरी तासन्‌तास बसून हातानेच विणलेला असतो. नरसापूरच्या बायकांबद्दल जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये लिहिलं होतं: परदेशी बाजारासाठी रोज कित्येक तास लेस विणूनही त्यांच्याकडे कामगार म्हणून पाहिलं जात नव्हतं. त्या फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणीच ठरत होत्या.