शब्दशोधन, लांबी व अक्षरांवरून (इंग्रजी)

शब्दशोधन, लांबी व अक्षरांवरून (इंग्रजी) : ठरावीक अक्षरसंख्येचे आणि दिलेली अक्षरे असलेले इंग्रजी शब्द यादीतून वेचून काढण्याची रीत. शब्दकोडी, स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्यांतून शब्द जुळवण्याचा खेळ), वर्डल (पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा खेळ) यांसारखे खेळ आणि काही प्रमाणात सांकेतिक लिपीची उकल यांत ती वापरली जाते. येथे ‘अक्षर’ म्हणजे रोमन लिपीतील एक सुटे चिन्ह. ‘थ्रू’ (through) हा इंग्रजी शब्द कानाला एकाच अक्षराचा वाटतो, पण लेखनात त्याची अक्षरे सात आहेत. काना-मात्रांसह अक्षर मोजण्याची सवय असलेल्या वाचकाने ही गोष्ट आधी लक्षात घेतलेली बरी.

आरंभ : या रीतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी दोन मते संभवतात. नेहमीचा कोश पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो. त्यामुळे ‘सुरुवात ठाऊक आहे, शब्द हवा आहे’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तो झटपट देतो. तिसरे अक्षर किंवा शेवट ठाऊक असेल, तर तीच यादी निराळ्या क्रमाने लावावी लागते. या दृष्टीने पीटर लेव्हिन्स यांचा १५७० चा इंग्रजी-लॅटिन कोश, ‘मॅनिप्युलस व्होकॅब्युलोरम’, पहिला ठरू शकतो. त्यात शब्द त्यांच्या शेवटांनुसार गटागटाने दिले आहेत. मात्र त्या काळी इंग्रजी शुद्धलेखन स्थिरावलेले नव्हते. एकच शब्द कधी एका अक्षराने लांब तर कधी आखूड लिहिला जाई, म्हणून ‘नियत लांबी’ या कल्पनेला तेव्हा फारसा अर्थ नव्हता. जॉन वॉकर यांचा १७७५ चा यमककोश सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशानंतरचा, म्हणजे लेखन बरेच पक्के झाल्यानंतरचा आहे. त्यात शब्द शेवटच्या अक्षराकडून उलट वाचून क्रमवार लावलेले आहेत. उद्देश यमकाचा असला, तरी शब्द उच्चारावरून न शोधता निव्वळ अक्षरक्रमावरून शोधण्याची पद्धत येथे स्पष्ट दिसते. त्यामुळे आरंभाचा मान वॉकर यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते.

लांबीची अट खेळांमुळे पुढे आली. लुईस कॅरल यांच्या १८७७ च्या ‘डब्लेट्स’ या खेळात एकेक अक्षर बदलत, लांबी कायम ठेवून, एका शब्दावरून दुसऱ्यापर्यंत जायचे असे. आर्थर विन यांचे शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. त्यानंतर कोडी सोडवणाऱ्यांसाठी लांबीनुसार लावलेले कोश निघू लागले.

अटींचे स्वरूप : ‘ही अक्षरे असलेला शब्द’ या एकाच बोलण्यात तीन वेगळ्या अटी दडलेल्या असतात. अक्षरे शब्दात कोठेतरी हवीत, ती नेमक्या जागी हवीत, किंवा शब्द फक्त त्याच अक्षरांचा हवा. तिसऱ्या अटीसाठी प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावून घेण्याची युक्ती फार सुंदर आहे. ‘लिसन’ची अक्षरे तशी लावली की ई-आय-एल-एन-एस-टी अशी ओळ मिळते. ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’, ‘टिन्सेल’ आणि ‘इनलेट्स’ यांची ओळही हीच, म्हणून पाचही शब्द एकाच खणात पडतात. स्क्रॅबल खेळणारे या ओळीला अल्फाग्रॅम म्हणतात.

नेमक्या जागेच्या अटीसाठी संगणकावर नमुना लिहितात. केन टॉम्पसन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीसाठी केलेली ‘ग्रेप’ ही आज्ञा यासाठी आजही पुरते. अज्ञात अक्षराच्या जागी टिंब द्यायचे : टिंब-आर-ए-टिंब-ई. आरंभ आणि शेवट दाखवणारी चिन्हे द्यायला विसरले, तर सहा अक्षरी ‘परेड’ही हाती लागतो, कारण त्याच्या पोटात हा नमुना बसतो. चिन्हे दिली की पाच अक्षरीच शब्द उरतात. तरीही ते पुष्कळ असतात : ब्रेव्ह, क्रेन, क्रेट, ड्रेप, फ्रेम, ग्रेड, ग्रेप, ट्रेड असे रोजच्या वापरातलेच वीसहून अधिक. वर्डलमध्ये येथे एकेक शब्द लावून पाहणारा हमखास अडकतो. त्याऐवजी ‘डिच’ (ditch) हा नमुन्यात न बसणारा शब्द टाकला, तर डी, टी आणि सी यांची एकदम परीक्षा होते. तिन्ही नसतील, तर परिचित शब्दांपैकी ब्रेक, ब्रेव्ह, इरेज, फ्रेम, ग्रेप, ग्रेव्ह, ग्रेझ एवढेच राहतात.

याद्या : उत्तर शेवटी यादीवर अवलंबून असते, आणि वाद बहुधा येथेच होतात. युनिक्सबरोबर रूढ झालेली एक यादी वेब्स्टरच्या १९३४ च्या कोशावरून केलेली असून तिच्यात सुमारे २,३५,००० शब्द आहेत, पण साधी अनेकवचने बहुतांशी नाहीत. स्क्रॅबलसाठीच्या कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत २,७९,४९६ शब्द आहेत आणि अनेकवचनेही आहेत. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांच्या पाच अक्षरी शब्दांच्या संग्रहात ५,७५७ शब्द आहेत. वर्डलच्या मूळ रूपात उत्तरे २,३१५ होती, तर चालणारे शब्द एकंदर १२,९७२. अनेकवचने धरली की शेवटच्या जागी एस या अक्षराची गर्दी होते. ती गाळली तर तेथे ई आणि वाय पुढे येतात.

अक्षरांच्या वारंवारतेबाबतही असाच घोळ होतो. सलग मजकुरात एच बरेच वर असते, ते ‘द’, ‘दॅट’ अशा शब्दांच्या पुनरुक्तीमुळे. यादीत प्रत्येक शब्द एकदाच येतो, म्हणून तेथे ते खाली घसरते. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी त्या खेळाच्या सोंगट्यांची संख्या वृत्तपत्रातील अक्षरे मोजून ठरवली होती. यादीतून शब्द वेचताना मात्र यादीचीच मोजणी घ्यावी.

गणनपद्धती : सव्वीस अक्षरांसाठी सव्वीस द्विमान स्थाने (अक्षर असेल तर १, नसेल तर ०) धरून प्रत्येक शब्दाची एक संख्या करता येते. मग दोन शब्दांत समान अक्षर आहे की नाही, हे एकाच क्रियेत कळते. एकही अक्षर पुन्हा न येणारे पाच अक्षरी पाच शब्द शोधण्याचा प्रश्न २०२२ मध्ये मॅट पार्कर यांनी चर्चेत आणला. त्यांच्या आज्ञावलीला सुमारे महिना लागला होता. इतरांनी अशा युक्त्यांनी तो वेळ एका सेकंदाच्याही आत आणला. फ्योर्ड, गक्स, निम्फ, व्हायबेक्स, वॉल्ट्झ हे त्याचे एक उत्तर असून त्यात क्यू वगळता सगळी अक्षरे येतात.