ओहायोच्या हिस्पॅनिक-लॅटिनो आयोगावर सदस्य व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या रहिवाशांसाठी राज्य सरकारचा स्वतंत्र आयोग आहे. विधिमंडळाने १९७७ साली कायदा करून तो स्थापन केला. तेव्हा त्याच्या नावातच 'स्पॅनिश स्पीकिंग' असे शब्द होते; आता कायद्यात 'कमिशन ऑन हिस्पॅनिक-लॅटिनो अफेअर्स' असं नाव आहे. कार्यालय राजधानी कोलंबसमध्ये. ओहायोत राहणाऱ्या मराठी घरांचा या समाजाशी रोजचा संबंध येतो. कुणाचा शेजार असतो, कुणाचे सहकारी, कुणाची सून किंवा जावई. म्हणून ही माहिती मराठीत.

आधी एक गैरसमज दूर करते. हा आयोग व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व देत नाही. ते केंद्र सरकारचं काम. राज्यपाल, विधिमंडळ आणि राज्याची खाती यांना सल्ला देणं, स्पॅनिश भाषकांच्या अडचणींवर सुनावण्या घेणं, अभ्यास करणं, सरकारी योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणं ही आयोगाची कामं. बैठका जाहीर असतात. तिथे जाऊन बसायला पात्रता लागत नाही आणि अर्जही नाही.

ग्रीन कार्डाचं काम अडलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो पुब्लिको' म्हणजे कायद्याचं शिक्षण घेतलेला, मोठ्या अधिकाराचा माणूस. अमेरिकेतला नोटरी फक्त सही साक्षांकित करतो. शब्दातलं हे साम्य वापरून इमिग्रेशनचे अर्ज भरून देणारे आणि पैसे उकळणारे लोक ठिकठिकाणी आहेत. चुकीचा अर्ज एकदा गेला की तो निस्तरणं फार अवघड होतं. अशा कामासाठी वकील किंवा केंद्राची मान्यता असलेला प्रतिनिधीच गाठावा.

आता सदस्यत्वाकडे वळू. आयोगावर मतदानाचा हक्क असलेले ११ सदस्य असतात. त्यांना राज्यपाल नेमतात आणि त्यावर ओहायोच्या सिनेटची, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची संमती लागते. शिवाय विधिमंडळाचे ४ सदस्य असतात, त्यांना मत नसतं. त्या ११ जणांसाठी कायद्याने तीन अटी घातल्या आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: स्पॅनिश बोलता आलं पाहिजे, मूळ स्पॅनिश भाषक समाजातलं असलं पाहिजे, आणि अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायदेशीर कायम वास्तव्य म्हणजे ग्रीन कार्ड पाहिजे.

माझ्या ओळखीची एक मराठी ताई वर्षानुवर्षं शाळेत स्पॅनिश शिकवते. "मला चालेल का गं?" असं तिने विचारलं होतं. नाही चालणार. भाषा अस्खलित असली तरी मुळाची अट तिथे आडवी येते. उलटही तितकंच खरं: आजी-आजोबा मेक्सिकोतून आलेले, पण घरात इंग्रजीच बोलली गेली, अशा तरुणालाही हे पद मिळत नाही. त्याने आधी भाषा शिकावी. ही अट मला कठोर वाटत नाही. ज्यांच्या वतीने बोलायचं त्यांच्याशी दुभाष्याशिवाय बोलता आलंच पाहिजे.

पदवीची किंवा मोठ्या हुद्द्याची अट मात्र कायद्यात कुठेही नाही. हे ठळकपणे सांगायचं कारण म्हणजे अनेकजण "आपण कुठे एवढे मोठे" म्हणून अर्जच करत नाहीत. शहर, उपनगर आणि ग्रामीण भाग, तिन्हींतून सदस्य यावेत आणि स्पॅनिश भाषक जिथे जितके आहेत त्या प्रमाणात समतोल राहावा, असं कायदाच सांगतो. एरी सरोवराकाठच्या लोरेन गावात १९४०च्या दशकाच्या अखेरीस पोलाद कारखान्यासाठी पोर्तो रिकोतून, म्हणजे अमेरिकेच्याच ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरून, कामगार आणले गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथेच आहेत. वायव्य ओहायोत टोमॅटो आणि काकडीच्या तोडणीला टेक्सास-फ्लोरिडाकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, आपल्याकडे बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तशी. त्यांची 'फ्लॉक' ही संघटना १९६७ मध्ये टोलेडोजवळ उभी राहिली. कारखान्याच्या गावातली नर्स किंवा तोडणी कामगारांच्या मुलांना शिकवणारी बाई यांचा अर्ज कोलंबसच्या वकिलाच्या अर्जाइतकाच तोलाचा आहे.

अर्ज राज्यपालांच्या कार्यालयाकडे जातो. त्यांच्या संकेतस्थळावर मंडळं आणि आयोगांच्या नेमणुकांसाठी ऑनलाइन अर्ज असतो, त्यात या आयोगाचं नाव निवडायचं. रेझ्युमे तयार ठेवा आणि त्यात नोकरीच्या यादीपेक्षा समाजात केलेलं काम वर येऊ द्या. चर्चमध्ये केलेलं दुभाषाचं काम, शाळेच्या पालकसभा, दवाखान्यात कुणासोबत जाणं, हे सगळं लिहावं. कुठल्या गावात किती वर्षं राहता तेही स्पष्ट लिहा, कारण भौगोलिक समतोल बघताना त्याचाच उपयोग होतो.

पुराव्याची कागदपत्रं हाताशी असू द्या: पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, जन्मदाखला किंवा मुदत न संपलेलं ग्रीन कार्ड. पोर्तो रिकोत जन्मलेले लोक १९१७च्या कायद्यापासून अमेरिकेचे नागरिकच आहेत, त्यांना ग्रीन कार्डाचा प्रश्न येत नाही. पण तिथला जन्मदाखला काढून त्यावरची तारीख बघा. १ जुलै २०१० पूर्वी दिलेले सगळे दाखले पोर्तो रिको सरकारने रद्द केले आहेत. ते चोरीला जाऊन ओळखचोरीसाठी वापरले जात होते. आईने ट्रंकेत जपून ठेवलेला तो पिवळा पडलेला कागद कितीही अस्सल असला तरी चालत नाही. नवा दाखला आधीच मागवून ठेवा.

राज्यपालांनी नेमणूक केली की नाव सिनेटकडे जातं. संमतीसाठी ३३ पैकी किमान १७ मतं लागतात. सिनेटने नकार दिला तर त्या जागी दुसरं नाव द्यावं लागतं.

मुदत ३ वर्षांची असते आणि ती ७ ऑक्टोबरला संपते. सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नाहीत, दरवर्षी काही होतात. नवा सदस्य येईपर्यंत जुना सदस्य काम चालू ठेवू शकतो, पण जास्तीत जास्त ६० दिवस. त्यामुळे उन्हाळ्यातच अर्ज करून ठेवणं बरं. मध्येच रिकामी झालेली जागा मिळाली तर उरलेल्या मुदतीपुरतीच मिळते. पूर्ण ३ वर्षं धरून बेत करू नका.

वर्षाला किमान ६ बैठका होतात. गणपूर्तीला मतदार सदस्यांपैकी ६ जण लागतात आणि ठरावालाही ६ मतं लागतात, म्हणजे जेमतेम सहाच जण आले तर एकाच्या विरोधाने ठराव पडतो. टोलेडोहून कोलंबसला यायला गाडीने दोन-सव्वादोन तास धरा. प्रवासाचा आणि इतर आवश्यक प्रत्यक्ष खर्च परत मिळतो, आणि कामाच्या दिवसाचा मोबदला महिन्याला जास्तीत जास्त एका दिवसाचाच. नोकरी सांभाळून हे करायचं असेल तर साहेबांशी रजेचं अर्ज करण्याआधीच बोलून घ्या.