कॉन्ट्रास्ट की ट्रेंड? गणित एकच, प्रश्न दोन

अनोव्हा (अनेक गटांच्या सरासऱ्यांमध्ये फरक आहे का, हे तपासणारी चाचणी) झाला, एफ (गटांमधला फरक गटांच्या आतल्या चढउताराच्या किती पट आहे, तो आकडा) आला, आणि मग विचारणा होते: "आता कॉन्ट्रास्ट लावू की ट्रेंड?" मी आधी उलट विचारतो, तुमच्या गटांना क्रम आहे का? आणि ही तुलना करायची हे आकडे हातात येण्याआधी ठरलं होतं का?

या दोन्हींची गल्लत होणं साहजिक आहे, कारण आतलं गणित अगदी एकच आहे. प्रत्येक गटाच्या सरासरीला एक सहगुणक द्यायचा. सहगुणकांची बेरीज शून्य यायला हवी. सरासरी आणि सहगुणक यांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि त्या एका आकड्याची एका स्वातंत्र्यमात्रेवर (स्वातंत्र्यमात्रा म्हणजे स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) चाचणी करायची. काटेकोर बोलायचं तर ट्रेंड हाही एक कॉन्ट्रास्टच आहे. वेगळं आहे ते एवढंच, की सहगुणक येतात कुठून. साध्या नियोजित कॉन्ट्रास्टमध्ये ते "कोण विरुद्ध कोण" या प्रश्नातून येतात. ट्रेंडमध्ये ते मात्रा, वेळ, तापमान अशा मोजता येणाऱ्या पट्टीवरून येतात, आणि प्रश्न असतो, "पट्टीवर पुढे सरकलं की प्रतिसाद कसा बदलतो?"

उदाहरणच घेऊ. समजा एका औषधाच्या ०, १०, २० आणि ३० मिलिग्रॅम अशा चार मात्रा आहेत, प्रत्येक गटात १० जण, सरासऱ्या २०, २२, २३ आणि २५, आणि गटांतर्गत सरासरी वर्ग (गटांच्या आतल्या चढउताराचं माप) २०. गटांमधली वर्गबेरीज (सरासऱ्यांमधल्या एकूण फरकाचं माप) १३० येते; तिला ३ ने आणि मग २० ने भागलं की एफ २.१७. पाच टक्क्यांच्या पातळीवर ३ आणि ३६ स्वातंत्र्यमात्रांना २.८७ लागतात. म्हणजे "फरक नाही" असं लिहून बरेच जण इथेच थांबतात. मला हे फार खटकतं. त्या एफने विचारलेला प्रश्न फारच मोघम होता: चारांत कुठेतरी, कसलाही फरक आहे का?

आता नियोजित कॉन्ट्रास्ट: औषध न घेतलेला गट विरुद्ध बाकी तिघे. सहगुणक −३, १, १, १. गुणाकारांची बेरीज १०. तिचा वर्ग १००, त्याला सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे १२ ने भागून १० ने गुणलं की ८३.३. २० ने भागून एफ ४.१७. १ आणि ३६ स्वातंत्र्यमात्रांना लागतात ४.११. जेमतेम पार.

रेषीय ट्रेंडचे सहगुणक −३, −१, १, ३. बेरीज १६, वर्ग २५६, २० ने भागून १० ने गुणलं की १२८. एफ ६.४. एकूण १३० पैकी १२८ एका सरळ रेषेने उचलले! वक्राच्या वाट्याला (१, −१, −१, १) शून्य, आणि तिसऱ्या घाताच्या वाट्याला (−१, ३, −३, १) उरलेले २. बेरीज बरोबर १३०, कारण हे तिन्ही एकमेकांना लंब आहेत, म्हणजे कुठल्याही दोघांच्या सहगुणकांच्या गुणाकारांची बेरीज शून्य येते.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. ८३.३ आणि १२८ मिळवून बघा: २११, म्हणजे १३० च्या कितीतरी पुढे. हे दोन प्रश्न एकमेकांना लंब नाहीत, तीच माहिती दोन्हीकडे मोजली गेली आहे. दोन्ही विचारायला बंदी नाही, पण दोन निष्कर्षांना दोन स्वतंत्र पुरावे म्हणू नये.

क्रमाचा मुद्दा सोपा आहे. चार वेगवेगळी औषधं असतील तर त्यांची नावं कुठल्याही ओळीने लिहा, "हे एक विरुद्ध ते तीन" याचं उत्तर बदलत नाही. ट्रेंडचं मात्र बदलतं, म्हणून तिथे ट्रेंड काढणं निरर्थक.

"आधी ठरवलं होतं का" हा प्रश्न दोघांनाही लागू आहे. सरासऱ्या चढत्या दिसल्या म्हणून मग रेषीय ट्रेंड तपासला, तर ४.११ चा निकष उरत नाही. शेफेच्या पद्धतीने (आकडे बघून सुचलेल्या तुलनांसाठीचा कडक निकष) तो २.८७ च्या तिप्पट होतो, सुमारे ८.६. आपला ६.४ त्याच्या आतच राहतो. तोच आकडा, तोच गट. ठरवल्याची वेळ बदलली की निकालही बदलला. आधी ठरवलेल्या मोजक्या प्रश्नांसाठी मात्र एकंदर एफ लक्षणीय यायलाच हवा अशी अट नाही.

ट्रेंडमध्ये अंतरंही बघावी लागतात. −३, −१, १, ३ हे सहगुणक समान अंतरासाठीच आहेत. मात्रा ०, १०, २०, ४० असतील तर सरासरी मात्रा १७.५, तिच्यापासूनचे फरक काढून सोपे केले की −७, −३, १, ९ मिळतात. जुनेच आकडे वापरले तर काय होतं? सरासऱ्या २०, २२, २४, २८ अशा, मात्रेशी तंतोतंत सरळ रेषेत असल्या, तरी वक्राची बेरीज शून्याऐवजी २ येते. नसलेला वाक दिसू लागतो. आर (R) या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत घटकाला क्रमवार म्हणून नोंदवलं की तो आपोआप बहुपदी कॉन्ट्रास्ट लावतो, आणि अंतरं समान आहेत असंच धरतो. निकालात एल, क्यू, सी (रेषीय, वक्र आणि तिसऱ्या घाताचा वाटा) अशी अक्षरं दिसली की आधी मात्रांची यादी उघडा, आणि अंतरं असमान असतील तर खऱ्या मात्रा स्वतः पुरवा.