१४ व्होल्टचे ५ व्होल्ट होताना

मागच्या मे महिन्यात परभणीहून नांदेडला निघालो असता गाडीच्या रेडिओवर मध्यम लहरींतले परभणी आकाशवाणी केंद्र चालू होते. बसस्थानकासमोर दीडशे रुपयांना घेतलेला चार्जर सॉकेटमध्ये खोचला आणि गाण्यावर खरखर चढली. काढला की आवाज पुन्हा स्वच्छ.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, तरी इंजिन चालू असताना सॉकेटमध्ये साधारण १४ व्होल्ट असतात. फोनला साध्या चार्जिंगसाठी ५ व्होल्ट लागतात. मधले ९ व्होल्ट नुसते जाळून टाकायचे म्हटले, तर २ अँपिअर प्रवाहाला फोनकडे १० वॅट जातील आणि चार्जर १८ वॅटने तापेल. म्हणून आत ट्रान्झिस्टरचा एक स्विच असतो, जो सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो. तो चालू असताना तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह वाढत जातो आणि ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते. बंद होताच वेटोळे प्रवाह एकदम तुटू देत नाही, साठलेली ऊर्जा पुढे सोडत राहते. प्रत्येक आवर्तनात स्विच सुमारे ३६ टक्के वेळ चालू राहिला, की सरासरी ५ व्होल्ट मिळतात. उरलेले हेलकावे वीज क्षणभर साठवणारा कपॅसिटर सपाट करतो. मोटर चालू-बंद करत हौदातली पातळी राखावी, तसेच हे.

या जलद उघडझापीचे पडसाद मध्यम लहरींपर्यंत पोहोचतात आणि ते अडवणाऱ्या आतल्या गाळणीवर (फिल्टरवर) काटकसर झाली असेल, तर ते रेडिओत ऐकू येतात. खरखर नाही म्हणून चार्जर सुरक्षित, असे मात्र नाही. स्विचच शॉर्ट झाला, तर १४ व्होल्ट थेट फोनकडे निघतात. चांगल्या चार्जरमध्ये ते अडवणारे संरक्षण असते.

चार्जिंगच्या वेगाचे म्हणाल, तर चार्जर वीज ढकलत नाही, फोन ती मागतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या जलद चार्जिंगच्या पद्धतीत ५, ९, १५ किंवा २० व्होल्टपैकी काय हवे, हे दोघांत आधी ठरते. त्यामुळे '१०० वॅट' या ठळक अक्षरांपेक्षा बाजूची बारीक अक्षरे वाचावीत: '९ व्होल्ट, ३ अँपिअर' म्हणजे २७ वॅट. दोन पोर्टांची बेरीज करून मोठा आकडा छापण्याची चलाखीही सर्रास चालते. शिवाय आपल्याकडच्या उन्हात डॅशबोर्डवर तापलेला फोन बॅटरी जपण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो.

घरी आल्यावर त्या चार्जरच्या टोकाची टोपी फिरवून काढली. तिथे काचेचा छोटा फ्यूज असायला हवा होता. त्याच्या जागी नुसती स्प्रिंग होती.